विशेषणांच्या यादीत माणूस हरवतो

गोष्ट वाचून झाली की फळ्यावर मथळा पडतो: ‘स्वभाववैशिष्ट्ये’. खाली एकेक मुद्दा येतो. कष्टाळू, प्रेमळ, प्रामाणिक, स्वाभिमानी. मुले ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तेच लिहितात आणि मुद्द्यांवर गुण मिळवतात. मुळशी तालुक्यातले मुठा गाव असो, पुण्यातली पेठ असो की चंद्रपूर, व्यक्तिचित्रण शिकवण्याची आपली रूढ रीत हीच आहे. तिच्यात कुणाला काही गैर वाटत नाही, आणि काळजी वाटावी ती याचीच. या रीतीने मूल माणूस समजून घ्यायला शिकत नाही, माणसावर शिक्का मारायला शिकते. शिक्का चांगल्या शब्दाचा आहे म्हणून धोका कमी होत नाही. पुराव्याशिवाय ‘प्रेमळ’ म्हणायची सवय लागलेले मूल उद्या तितक्याच सहज, पुराव्याशिवाय, ‘चोर’ही म्हणेल.

दोष पाठ्यपुस्तकावर ढकलून मोकळे होता येणार नाही. २०२० साली आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’त कथेला साहित्यप्रकार म्हणून स्वतंत्र जागा आहे. व. पु. काळे यांची ‘शोध’ आणि प्रतिमा इंगोले यांची ‘गढी’ या दोन कथा त्यात आहेत आणि पात्रचित्रण म्हणजे काय याचीही चर्चा आहे. शाळेच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने लिहावे हाच त्याचा हेतू. म्हणजे वाव आहे. तो संपतो तासात, कारण पोर्शन पुरा करायचा असतो, सराव परीक्षा तोंडावर असते आणि ‘स्वमता’चे उत्तरसुद्धा गाईडमध्ये छापून मिळते. मुले ‘मला असे वाटते की’ हे शब्ददेखील पाठ करतात. आता फोनला विचारले तर कुठल्याही पात्राचे आठ स्वभावविशेष कथा न वाचता क्षणात मिळतात. जे काम कथा न वाचता होते, ते करून घेऊन आपण नेमके काय शिकवतो, हा प्रश्न शिक्षकाने आणि परीक्षा मंडळाने स्वतःला विचारला पाहिजे.

यादीत काय हरवते ते एका कथेत पाहू. अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’. वारणेकाठचा भीमा पोटासाठी बायको आणि लेकीला घेऊन मुंबईत येतो. उपनगरात दगडाच्या खाणीत काम मिळते. अंगात ताकद अफाट, त्यामुळे काही महिने बरे जातात. मग खाण बंद पडते. काम गेलेल्या माणसाला स्मशानातल्या राखेत सोने सापडते आणि तिथून त्याची वाट बदलते. तो राख चाळू लागतो, पुढे रात्री पुरलेली प्रेते उकरू लागतो. शेवटच्या रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो प्रेतापर्यंत पोहोचतो, आणि प्रेताच्या तोंडातले सोने शोधताना त्याची बोटे जबड्यात अडकतात. दोन बोटे जातात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

आता या भीमाचे स्वभावविशेष लिहा. कष्टाळू? खरे. कुटुंबवत्सल? लेकीवर त्याचा जीव आहे. धाडसी? यात शंका नाही. लोभी? काही जण म्हणतील. गुन्हेगार? पोलीस तर म्हणतीलच. पाच विशेषणे झाली, पाचांचे गुण मिळाले, आणि भीमा हातातून निसटला. कारण भीमा या पाच शब्दांची बेरीज नाही. ज्या मनगटाने तो डोंगर फोडत होता त्याच मनगटाने तो प्रेत उकरतो. ताकद तीच, निर्धार तोच, लेकीसाठीची माया तीच. बदलले आहे ते एकच: खाणीचे काम. त्याचा गुण आणि त्याचा दोष एकाच ठिकाणाहून उगवतात. म्हणून या कथेचा शेवट इतका जिव्हारी लागतो. बातमी एक दिवस आधी आली असती तर? हा प्रश्न वर्गात नुसता टाकून पाहावा. पिरंगुट-घोटावड्याच्या कारखान्यांत ज्यांच्या घरचे कुणी कंत्राटी कामाला जाते, त्या मुलांना काम सुरू असणे आणि बंद असणे यात घरातला माणूस कसा बदलतो हे सांगावे लागणार नाही. ती बोलू लागतील. पण ‘भीमाचे स्वभावविशेष सांगा’ म्हटले की तीच मुले गप्प होतात आणि गाईड उघडतात.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. चर्चा करायची म्हणून वर्ग भीमाची वकिली करू लागतो. ‘परिस्थितीने त्याला तसे केले’ असे एक वाक्य लिहिले की विषय संपला. हेही विशेषणच, फक्त लांबलचक. त्याच परिस्थितीत इतर माणसेही आहेत आणि ती सगळी स्मशानात जात नाहीत. भीमाची बायको त्याला अडवू पाहते. मग भीमाने निवड केली की नाही? केली असेल तर कुठल्या क्षणी? राखेत सापडलेले पहिले सोने उचलणे आणि पहिले प्रेत उकरणे यांत अंतर किती? ते अंतर त्याने एका रात्रीत ओलांडले की हळूहळू? कथेत परत जाऊन, ओळीवर बोट ठेवूनच या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. व्यक्तिचित्रणाचे शिक्षण ते एवढेच: आपले मत घेऊन कथेकडे परत जाणे आणि कथा ते मत टिकू देते का हे पाहणे.

अण्णाभाऊंचेच नाव घ्यायला आणखी एक कारण आहे. माणसांवर विशेषण चिकटवण्याचे काम केवळ वर्गात होते असे नाही, राज्याने ते कायद्याने केलेले आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमाती ‘जन्मजात गुन्हेगार’ म्हणून नोंदवता येऊ लागल्या. एकेका माणसाने काय केले हे पाहण्याची गरजच उरली नाही. जमातीचा स्वभाव आधीच लिहून ठेवलेला होता. मांग समाजातल्या अनेकांच्या नशिबी याच कायद्याखाली सरकारदरबारी द्यावी लागणारी हजेरी आली. स्वतंत्र भारतात १९५२ साली हा कायदा रद्द झाला. मांग समाजातच जन्मलेल्या अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ची, आणि हजेरीचा जाच हा तिच्या केंद्राशी आहे. सरकारी दप्तरात ज्याची ओळख एका शब्दात संपली होती, त्या माणसाला या लेखकाने राग, माया, बुद्धी आणि निर्णय परत दिले. हे लेखन मुलांना शिकवायचे आणि शेवटी त्याच मुलांकडून पाच शब्दांचे दप्तर भरून घ्यायचे, यात लेखकावरही अन्याय आहे.

कुणी म्हणेल, शाळेतल्या यादीची आणि त्या कायद्याची तुलना टोकाची आहे. परिणामात ती टोकाचीच आहे. पण मनाची सवय एकच: आधी ठरवायचे, मग पाहायचे. कायदा गेला, सवय गेलेली नाही. गावात चोरी झाली की संशयाची पहिली बोटे कुठल्या वस्तीकडे वळतात हे मुठा खोऱ्यातल्या मुलालाही माहीत असते आणि सांगलीतल्याही. शाळेने ती सवय मोडायची असते.

मुळशी तालुक्याला आपलाच एक माणूस या कामी येऊ शकतो. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते. बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते या लढ्यामुळे. पाठात त्यांच्या नावासमोर देशभक्त, त्यागी, निर्भय असे शब्द येतात. शब्द खरे आहेत आणि तरी पुरे नाहीत. हा माणूस तरुणपणी पॅरिसमध्ये बाँब बनवण्याची विद्या शिकला. मायदेशी आल्यावर पारनेरच्या गल्ल्या स्वतः झाडू लागला. मुळशीत सत्याग्रही म्हणून तुरुंगात गेला. लढा हरत चालला तेव्हा रेल्वेगाडी अडवण्याच्या प्रकरणात त्याने ७ वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. झाडू, सत्याग्रह आणि शस्त्र एकाच माणसाच्या हातात कसे नांदले? यावर तालुक्यातल्या नववीच्या वर्गाने वाद घालावा. सेनापतींचा मान त्याने कमी होणार नाही. देव्हाऱ्यात ठेवलेल्या माणसाकडून काही शिकता येत नाही; ज्याच्याशी वाद घालता येतो त्याच्याकडून शिकता येते.

आणि आजचा मुठा? पिरंगुटहून उरवड्यामार्गे घाट चढून आलेला रस्ता पुढे टेमघर धरणाकडे आणि लवासाकडे जातो. गेल्या काही दशकांत या खोऱ्यातली भातखाचरे प्लॉटच्या भावाने मोजली जाऊ लागली. जमीन गेल्यावर घराचे आणि पोरांचे काय होते, हे प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ साली सगळ्या महाराष्ट्राला दाखवले. अशा खोऱ्यात घरी येणारा अनोळखी माणूस सहसा गोडच बोलतो. आजोबांच्या पाया पडतो, दवाखान्याला गाडी देतो, आणि काही दिवसांनी इसाराची रक्कम, साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र पुढे करतो. तो प्रेमळ आहे का? शाळेत शिकवलेल्या यादीप्रमाणे आहे: नम्र, मदतीला तत्पर, वडीलधाऱ्यांचा मान राखणारा. या घरातल्या मुलाला वेगळे प्रश्न सुचायला हवेत. हा माणूस आपल्याशी एक आणि शेजारच्या भावकीशी दुसरेच बोलतो का? कशाबद्दल तो गप्प राहतो? काम झाल्यावर तो कसा वागेल, याची खूण आत्ता कुठे दिसते? कथेतल्या पात्राला विचारायचे प्रश्न हेच आहेत. ज्याला ते पुस्तकात विचारायची सवय नाही, त्याला ते ओट्यावर बसलेल्या माणसाबद्दल ऐन वेळी सुचतीलच असे नाही.

खरे तर गावातली मुले हे ज्ञान घरून घेऊन येतात. जो चुलता दारू पितो तोच रात्री शेजारच्या बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवतो, हे त्यांनी पाहिलेले असते. माणूस एकरंगी नसतो हे त्यांना कळते, फक्त ते मांडण्याची भाषा नसते. ती देण्याऐवजी शाळा त्या चुलत्याला ‘माझे काका’ या निबंधात ‘प्रेमळ आणि कष्टाळू’ करून टाकते. मूल जाणते त्याहून कमी लिहायला शिकते. माझ्या मते या रीतीचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

शिक्षकांची अडचण मी नाकारत नाही. लहान गावात एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात, शिवाय सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे. कितीतरी मुलांचे वाचनच अडखळते. पण चर्चेसाठी अख्खे वर्षभर वेगळे तास लागत नाहीत. वर्षाला दोन कथा घ्या. शिक्षकाने त्या मोठ्याने वाचाव्यात, म्हणजे अडखळणारे मूलही चर्चेत येते; ऐकून विचार करायला वाचनाचा वेग आड येत नाही. मग चारच गोष्टी विचाराव्यात. पात्र काय करते? काय बोलते आणि काय बोलायचे टाळते? इतर पात्रे त्याच्याबद्दल काय म्हणतात आणि त्यांचा त्यात काय स्वार्थ आहे? आणि कथेच्या कुठल्या ठिकाणी तुमचे मत बदलले? उत्तर देताना ओळ दाखवायची, एवढा एकच नियम.

कथा वाचल्याने मूल आपोआप शहाणे किंवा सहृदय होते, असा दावाही करू नये. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास गाजला: ललित साहित्यातला छोटा उतारा वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता वाढते, असे त्यात म्हटले होते. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. यात निराश होण्यासारखे काही नाही. नुसत्या वाचनाने जे साधत नाही त्यासाठी शिक्षक लागतो, आणि एकाच भीमाबद्दल वेगळे मत असलेला बाकावरचा शेजारी लागतो. आपल्यासमोरच्या ओळी वाचूनच त्याचे मत वेगळे झाले आहे, हे कळणे हा या तासाचा सर्वांत मोठा लाभ आहे.

मात्र परीक्षा बदलल्याशिवाय तास बदलणार नाही, हे मान्य केले पाहिजे. जे विचारले जाते तेच शिकवले जाते. म्हणून मंडळाकडे मागणी एका प्रश्नाची आहे. ‘पात्राचे स्वभावविशेष लिहा’ हा प्रश्न काढावा. त्याऐवजी असे विचारावे: या पात्राबद्दल तुमचे एक मत लिहा, त्या मताला आधार देणारा एक प्रसंग सांगा आणि त्याच मताला अडचणीत आणणारा दुसरा प्रसंग सांगा. गुण मताला नसावेत, दोन्ही प्रसंगांच्या मांडणीला असावेत. गाईडवाले याचीही उत्तरे छापतील, पण ‘माझ्या मताविरुद्ध काय आहे’ हे पाहायची पाळी निदान प्रत्येक मुलावर येईल.

हे आपण केले नाही तर उद्या जमिनीच्या कागदावर सही करणारी, मतदान करणारी, पंच म्हणून बसणारी आणि मोबाइलवर आलेल्या एका ओळीवरून शेजाऱ्याला देशद्रोही किंवा देवमाणूस ठरवणारी पिढी आपल्याच वर्गांतून बाहेर पडेल. तिच्याकडे माणसांसाठी शब्द भरपूर असतील. ते शब्द खरे आहेत का हे तपासायची सवय मात्र तिला नसेल. ती लावण्याची जागा शाळेत आजही शिल्लक आहे, आणि ती जागा मराठीचा तास आहे.