एसटीचे कार्ड आणि सवलतीचा हिशेब

मेट्रोच्या फाटकाशी किंवा शहरी बसच्या दाराशी यंत्राला कार्ड टेकवावे आणि भाडे आपोआप वळते व्हावे, ही सोय आता महाराष्ट्राला अपरिचित राहिलेली नाही. हाँगकाँगने ती १९९७ साली आणली, लंडनने २००३ साली. भारतात ‘एक देश, एक कार्ड’ या घोषणेखाली मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्डाचा आरंभ झाला, आणि पुढे मुंबई-पुण्याच्या मेट्रोत ते चालू लागले. मग एसटीच्या लाल गाडीतही ते का चालू नये, असा प्रश्न ओघानेच येतो. प्रश्न रास्त आहे. परंतु शहरात या यंत्रामागे जे कारण आहे ते खेड्यात नाही. आणि खेड्यात जे आहे ते फारसे उघडपणे बोलले जात नाही.

शहरातले कारण वेळेचे आहे. थांब्यावर प्रत्येक उतारूमागे काही क्षण वाचले की साऱ्या फेरीत काही मिनिटे वाचतात, आणि तितक्याच गाड्यांत अधिक फेऱ्या बसतात. एसटीचे तसे नाही. बुलढाण्याहून मलकापूरला निघालेली गाडी राजूरचा घाट उतरत असतानाच वाहकाचे तिकिटे देणे चालू असते. गाडी त्यासाठी खोळंबत नाही. सबब वेळेची बचत येथे नाममात्र ठरते. सुट्या पैशांची कटकट मिटेल, हे मात्र खरे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा रुपया-दोन रुपयांवरून वाहक आणि प्रवासी यांच्यात खटके उडू लागले होते. त्यावर मोबाइलने पैसे भरण्याचा उपाय आहेच. पण तो मोबाइलला संपर्क मिळेल तेथेच चालतो. या कार्डाच्या चिपमध्ये दोन हजार रुपयांपर्यंतची रक्कम साठविता येते आणि ती संपर्काविना खर्चही करता येते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांचा विचार करता हा गुण लहान नाही.

तथापि, एसटीच्या संदर्भात कार्डाचे खरे प्रयोजन भाडेवसुली हे नसून सवलतीची मोजदाद हे आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास विनामूल्य झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे, विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर दोन तृतीयांश सूट आहे, आणि ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत पास फुकट मिळतो. या सवलतींचे मूल्य राज्य शासनाने महामंडळाला भरून द्यावयाचे असते. म्हणजे गाडीतील बऱ्याच प्रवाशांच्या तिकिटाचा मोठा धनी शासनाचा खजिना असतो, आणि त्या खजिन्याजवळ पुरावा काय, तर वाहकाने यंत्रावर कोणती कळ दाबली एवढाच. कोण बसले, कोठून कोठवर गेले, याची नोंद कार्डामुळे राहील. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असावा, यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की, या चोखपणाची किंमत कोणी मोजावयाची.

बुलढाणा जिल्ह्याची रचना पाहिली म्हणजे ही किंमत नजरेत भरते. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो आणि जलंबहून एक फाटा खामगावला येतो. खुद्द जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नाही; चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा यांचा भार एसटीवरच आहे. तालुके तेरा आणि आगारे सात. देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार, मोताळा, नांदुरा आणि संग्रामपूर या सहा तालुक्यांना स्वतःचे आगार नाही. कार्डाची नोंदणी आगारातच ठेवली, तर संग्रामपूरकडील एखाद्या शेतमजूर बाईला अर्ध्या तिकिटाचा हक्क शाबूत राखण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागेल. त्या दिवशी यंत्रणा बंद असली, की दोन दिवसांची. हा खर्च शासनाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, महामंडळाच्या ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच तो नाही असे धरून चालण्याचा मोह पडतो.

ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. २०१९ साली एसटीने सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड काढले. ज्येष्ठांनी आगारात रांगा लावून ती घेतली. नोंदणीच्या मुदतीला पुन्हा पुन्हा वाढ द्यावी लागली, मध्ये करोना आला. पुढे यंत्रे पुरविणाऱ्या ठेकेदाराच्या कराराची मुदत संपली, नवी कार्डे देण्याचे काम थांबले, आणि ज्येष्ठ नागरिक पूर्ववत आधार कार्ड दाखवू लागले. ज्यांनी पैसे आणि वेळ घालविला, त्यांच्या हाती प्लास्टिकचा तुकडा उरला. ठेका संपला की सोय संपते, ही रीत एका खासगी दुकानदाराला परवडेल. कायद्याने स्थापन झालेल्या सार्वजनिक महामंडळाला शोभत नाही.

त्या कार्डाशी आणखी एक गोष्ट जोडलेली होती. ज्येष्ठांच्या सवलतीला वर्षाकाठी ४,००० किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली होती. कागदी ओळखपत्रावर अशी मर्यादा पाळणे अशक्यप्राय; कार्डावर ती सहज शक्य. जे मोजता येते त्याला आज ना उद्या कात्री लागते, असा अर्थखात्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. सवलती तपासाव्यात, हवे तर कमीही कराव्यात. पण तो निर्णय विधिमंडळात चर्चा होऊन व्हावा, यंत्राच्या आज्ञावलीत गुपचूप बसविला जाऊ नये.

लंडनने जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेणे बंद केले, हा दाखला आपल्याकडे हटकून दिला जातो. पण तेथे कार्ड येऊन अकरा वर्षे लोटली होती, आणि कोपऱ्यावरच्या दुकानांतून त्यात पैसे भरता येत होते. ती अकरा वर्षे आपण गाळतो आणि शेवटचे पाऊल तेवढे उचलतो.

कार्ड आणूच नये, असा याचा अर्थ नाही. ज्याला लाभ, त्याने झीज सोसावी, एवढीच अपेक्षा आहे. लाभ खजिन्याचा आहे. तेव्हा पहिले कार्ड विनामूल्य असावे आणि नोंदणी लोकांच्या वाटेवर व्हावी, म्हणजे आठवडी बाजारात, ग्रामपंचायतीत, शाळेत. महामंडळाला हे जमते. गेल्या काही वर्षांत जून महिन्यात एसटीचे कर्मचारी शाळेत जाऊन विद्यार्थ्यांना पास देऊ लागले आहेत आणि आगारासमोरची रांग त्याने आखडली आहे. दुसरे असे की, यंत्र नादुरुस्त असेल किंवा कार्ड घरी राहिले असेल, तर आधार कार्ड पाहून सवलतीचे तिकीट देण्याची वाहकाला लेखी मुभा हवी. ती नसेल तर पूर्ण भाडे मागण्याचा वाईटपणा त्याच्याच वाट्याला येणार, आणि गाडी घाटात असताना त्या वृद्ध प्रवाशाला तो खाली तरी कोठे उतरविणार?