बंदराच्या अभ्यासात खलाशी कुठे आहे?

‘बंदर’ हा शब्द मराठीने फारसीकडून घेतला, ‘खलाशी’ अरबीतून आला. भाषेने बंदराबरोबर तिथली माणसेही उचलली. विद्यापीठांतल्या बंदर-संशोधनाने मात्र ती वाटेतच उतरवून ठेवली, असा माझा आरोप आहे.

1963 मध्ये ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जेम्स बर्ड यांनी ‘एनीपोर्ट’ हा आराखडा मांडला. बंदर आधी शहराला चिकटून असते, मग धक्के वाढतात आणि ते खोल पाण्याकडे, शहरापासून लांब सरकते. मुंबईची जुनी गोदी आणि 1989 मध्ये सुरू झालेले न्हावाशेवा पाहा, लगेच पटेल. बर्ड निदान धक्के बघत होते. कंटेनर आला आणि अभ्यासकाची नजर मोजणीवर गेली. 1993 मध्ये रोल आणि हायुथ यांनी बंदरांची कार्यक्षमता तोलायची एक गणिती पद्धत बंदरांना लावून दाखवली, तीही वीस काल्पनिक बंदरांवर! पद्धत समजावायला ते ठीकच. पुढे खरी बंदरेही तशीच कागदी झाली. एका बाजूला क्रेन, धक्क्याची लांबी, जमीन. दुसऱ्या बाजूला किती कंटेनर हलले. कामगारांचे आकडे मिळत नाहीत म्हणून अनेक अभ्यासांत क्रेनच्या संख्येवरूनच त्यांचा अंदाज बांधला गेला. म्हणजे माणूस मोजायचा तोही यंत्रावरून.

जागतिक बँकेची कंटेनर बंदरांची क्रमवारी जहाज बंदरात किती वेळ थांबले यावर ठरते. जहाज अडले तर माल महागतो, हे मला मान्य आहे. पण त्यात मच्छीमाराचा वेळ कुठल्या रकान्यात आहे?

वाढवणचेच घ्या. 1998 मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तिथले बंदर नाकारले होते. 2024 मध्ये केंद्राने 76,220 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. कंटेनरची क्षमता तोंडपाठ सांगणारे पुष्कळ भेटतात. तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात आज काय येते, हे सांगणारे किती?

कोणी म्हणेल, गोदी कामगारांवर इतिहासकारांनी लिहिले आहे. लिहिले आहे, आणि चांगले लिहिले आहे. पण ती पुस्तके इतिहासाच्या कपाटात राहतात, बंदराचे निर्णय दुसऱ्या कपाटातून होतात.

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या मोहल्ल्यांत जहाजावर उमर घालवलेले बुजुर्ग अजून आहेत. त्यांची सीडीसी पुस्तके ट्रंकेत पडून आहेत: कुठल्या जहाजावर, कधी चढले, कधी उतरले, सगळी नोंद शिक्क्यानिशी. लॉजिस्टिक्समध्ये पीएचडी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी आधी ती ट्रंक उघडावी. त्या बुजुर्गांच्या हयातीत.