नाव एकच, कार्ड दोन

ग्राफिक्स कार्डावरचं नाव कार्डाची ओळख सांगतं, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की ते नाव बऱ्याचदा ओळख लपवतं. हा विषय बीसीए आणि इंजिनिअरिंगवाल्यांवर सोडून चालणार नाही. इथला घोळ मुख्यतः शब्दांचा आहे, आणि शब्द वाचणं हे तर आपलं काम.

जुनी उदाहरणं आधी बघू. एनव्हिडियानं २०१६ साली जीटीएक्स १०६० आणलं, एक ६ जीबी मेमरीचं आणि एक ३ जीबीचं. कुणालाही वाटेल की फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात पहिल्यात १२८० कोअर होते, दुसऱ्यात ११५२. म्हणजे काम करणारे हातच कमी, नाव मात्र तेच. जीटी १०३० ची गोष्ट तर आणखी वाईट. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं. ती मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहून न्यायची. पुढच्या वर्षी त्याच नावाखाली डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं आणि हा वेग १७ जीबीच्याही खाली गेला. हे अगदी स्वस्तातलं कार्ड. ते घेणाऱ्याच्या हातात पैसे मोजकेच असणार, आणि घोळ नेमका त्याच्याच वाट्याला आला. एएमडीही काही सोवळी नाही. तिच्या आरएक्स ५६० मध्ये आधी १०२४ कोअर होते. नंतर ८९६ कोअरवालंही त्याच नावानं विकलं गेलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० जाहीर झालं, तेही दोन प्रकारांत. १६ जीबीवाल्यात ९७२८ कोअर, १२ जीबीवाल्यात ७६८०. या वेळी मात्र लोकांनी जोरदार ओरड केली. ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियानं १२ जीबीचं कार्ड मागं घेतलं आणि एकाच नावाची दोन कार्डं गोंधळात टाकतात हे मान्य केलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड आरटीएक्स ४०७० टीआय होऊन आलं. जाहीर किंमत ८९९ डॉलर होती, ती ७९९ झाली. आतला एकही कोअर बदलला नव्हता. बदललं ते नाव, आणि त्यासोबत शंभर डॉलर. नावाचा भाव इतका स्पष्ट क्वचितच छापून येतो.

मग नाव सोडून फक्त आकडे वाचावेत का? तेही पुरत नाही. आरटीएक्स ३०६० (२०२१) आणि ४०६० (२०२३) शेजारी ठेवा. जुन्यात ३५८४ कोअर, १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस. नव्यात ३०७२ कोअर, ८ जीबी, १२८ बिट. बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता, आणि बिट म्हणजे त्याची रुंदी. कागदावर जुनं कार्ड तिन्हींत पुढे. तरी बहुतेक गेममध्ये नवंच जास्त फ्रेम देतं. त्याचे कोअर जास्त वेगानं चालतात. शिवाय चिपच्या आत ३ एमबीच्या जागी २४ एमबी एल२ कॅश आहे, त्यामुळे रस्त्यावर ये-जा कमी करावी लागते. वीजही १७० ऐवजी ११५ वॅट. पण ब्लेंडरमधला एखादा जड सीन ८ जीबीत मावला नाही, की जुन्याची १२ जीबी मेमरी कामी येते. कवितेतली एक ओळ तोडून तिचा अर्थ लावला की सर आपल्याला थांबवतात. एकच आकडा उचलून कार्ड निवडणं तसंच आहे.

आपल्याला खरी झळ बसते ती लॅपटॉपमध्ये. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. लॅपटॉपमध्ये एवढी वीज आणि एवढी उष्णता झेपणार नाही हे मला मान्य आहे. पण मग नाव वेगळं का नाही? आपल्या बजेटमधल्या लॅपटॉपच्या ४०६० ला बनवणारी कंपनी ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. दोन लॅपटॉप, स्टिकर एकच, आणि एक दुसऱ्यापेक्षा चांगलाच मंद असू शकतो. वॅटचा आकडा शोधायला वेबसाइटवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

कामगिरीचे दावेही असेच वाचायला हवेत. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगसच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० इतकी कामगिरी देईल. एआयच्या मदतीशिवाय हे शक्य नाही, असंही ते म्हणाले. ही मदत म्हणजे कार्डानं खरोखर काढलेल्या दोन फ्रेमच्या मध्ये एआयनं तयार केलेल्या तीनपर्यंत फ्रेम घालणं. चित्र त्यानं गुळगुळीत दिसतं, पण आपण बटण दाबल्यावर गेम किती चटकन प्रतिसाद देतो, ते खऱ्या फ्रेमवर ठरतं. लक्षात मात्र पहिलंच वाक्य राहतं. म्हणून सरासरी एफपीएस दाखवणाऱ्या चाचणीत 'वन पर्सेंट लो' हा आकडाही बघा. सगळ्यात मंद फ्रेममध्ये वेग किती खाली येतो, ते त्यातून कळतं. गेम अडखळतो तो तिथंच.

यावर कुणी म्हणेल, एवढं कशाला? यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघा आणि घेऊन टाका. पण पैसे देणारे बहुतेक वेळा आपण नसतो, आपले आईपप्पा असतात. आपल्या बेळगावात दुकानातली बोलणी मराठी-कन्नड-हिंदीत होतात, आणि कामाची माहिती मात्र इंग्रजीत, तीही बारीक अक्षरांत. लाखाच्या आसपासचा लॅपटॉप कर्ज काढून घेताना पप्पांना समजतो तो फक्त स्टिकरवरचा आकडा. मोठा आकडा म्हणजे चांगलं, हा त्यांचा भाबडेपणा नाही. त्यांना तेवढंच वाचता येईल अशी व्यवस्था करून ठेवलेली आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली कंपन्यांकडे: कोअर, मेमरी, बस आणि वॅट हे चार आकडे नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत खोक्यावर छापा. ती आपल्या हातात नाही. दुसरी आपल्या मराठी मंडळाकडे, आणि ती आहे. या अंकांत आपण कविता छापतो, छापाव्यातच. पण पुढच्या अंकात एक पान आईपप्पांना वाचता येईल असंही असू दे. त्यावर साध्या मराठीत चारच प्रश्न हवेत. कार्ड डेस्कटॉपचं की लॅपटॉपचं? वॅट किती? मेमरी किती, आणि कोणत्या प्रकारची? दाखवलेल्या फ्रेम खऱ्या किती आणि एआयच्या किती? ते पान मी लिहायला तयार आहे. नाताळच्या ऑफर सुरू होण्याआधी ते छापून आलं, तर कुणाच्या तरी घरचे पैसे वाचतील.