आजीचं बोट फोनला का कळेना?



परवा आमच्या शेजारच्या आजी तणतणत आल्या. हातात फोन. "मेलं हे काचेचं खेळणं माझं ऐकतच नाही! नागपूरहून लेकीचा फोन आला, हिरवं बटण दाब दाब दाबलं, पण छे! वाजून वाजून बंद पडला." मागोमाग त्यांचा नातू हसत हसत आला. "अगं आजी, तुला जमतच नाही!" त्यानं नुसतं बोट टेकवलं आणि फोन शहाण्यासारखा वागू लागला. आजींचा चेहरा एवढासा झाला.

आता सांगा, चूक कुणाची? थांबा, उत्तर देण्याआधी काचेखाली डोकावून पाहू या.

फोनच्या काचेखाली उभ्या-आडव्या रेघांची एक जाळी असते. ती पारदर्शक पदार्थाची असते, म्हणून दिसत नाही. या जाळीवर अगदी थोडा विद्युतभार असतो. आपल्या शरीरात खारट पाणी भरपूर, त्यामुळे आपणही वीजवाहक! बोट काचेवर टेकलं, की त्या जागेवरचा विद्युतभार किंचित बदलतो. फोनमधली चिप सेकंदाला कितीतरी वेळा ही जाळी तपासत असते. बदल कुठे झाला हे तिला लगेच कळतं. म्हणजे गंमत पाहा, काचेला तुमचा जोर कळतच नाही. तिला कळते ती फक्त वीज!

खोटं वाटतं? मग करून पाहा. आधी नखानं टिचकी मारा. मग बोटावर जाड, कोरडं फडकं गुंडाळून पाहा. आणि शेवटी ताजं केळं हातात धरून त्याचं टोक टेकवा. नख आणि फडकं बहुधा नापास, केळं मात्र पास! कारण केळ्यातही पाणी असतं. (फोन आई-बाबांना विचारूनच घ्या, बरं का! आणि नंतर काच पुसून ठेवा.)

दाब ओळखणारे पडदेही असतात. त्यांत दोन पातळ थर असतात आणि मधे बारीकशी फट. दाबलं की थर एकमेकांना चिकटतात आणि जागा कळते. कारखान्यात हातमोजे घालून काम करणाऱ्यांना असा पडदा सोयीचा. आजींचा जोर तिथे नक्की कामी आला असता!

बोटानं चालणाऱ्या पडद्याची कल्पना तशी जुनी. इंग्लंडमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली ती मांडली, तीही विमानांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्यांसाठी. २००७ साली आयफोन आला आणि मग असे पडदे खिशाखिशात पोचले. आज रेल्वेच्या तिकीट-यंत्रांवर, बँकेत, दवाखान्यातल्या यंत्रांवरही ते दिसतात.

आता आजींकडे वळू. जन्मभर भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, शेतात खुरपणी केली. त्यांच्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी झाली आहे. ती मधे आली, की आतल्या ओलाव्याची खूण काचेपर्यंत नीट पोचत नाही. त्यात आजी दाबत होत्या नखाच्या टोकानं! म्हणजे चूक आजींची नव्हती. फोनला कष्टाचे हात ओळखता आले नाहीत, इतकंच.

मग आम्ही काय केलं? आजींना बोट किंचित ओलसर करायला सांगितलं. (पाण्याचा थेंब मात्र नको, त्यानंही पडदा गोंधळतो.) मग बोटाचा मऊ भाग आडवा टेकवून, न दाबता हलकेच सरकवायचा. दोन-चारदा सराव झाला. संध्याकाळी पुन्हा नागपूरचा फोन आला आणि आजींनी तो एकट्यानं घेतला! नातवानं टाळ्या वाजवल्या. हसला मात्र नाही.

तुमच्याही घरी आजी-आजोबा असतील ना? आज त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसा आणि ही युक्ती शिकवा. आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा!