लुगड्याचे पुढचे आयुष्य

घट बसण्यापूर्वी घरातील यच्चयावत वाकळा-गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची चाल शिरूरला घोडनदीच्या आणि दौंडला भीमेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि आश्विनाच्या उंबरठ्यावर खडकांवर वाळत पडलेले ते रंगीबेरंगी चौकोन पाहिले, म्हणजे त्या त्या घराचे दप्तरच कोणी उन्हात उलगडून ठेवले आहे असे वाटते. या ठिगळात आजीचे इरकली लुगडे, त्या कडेला आजोबांचे धोतर, मधल्या तुकड्यात पहिल्या नातवाचे अंगडे. आणि या साऱ्यांना एकत्र बांधणारा, घरातल्याच एखाद्या स्त्रीने दुपारच्या वेळी घातलेला धावदोरा.

नऊवारी लुगडे नेसून मध्यभागी विरले, की विरलेला भाग कापून दोन्ही टोके जोडीत. याला ‘दंड घालणे’ म्हणत. दंडाचे लुगडेही जीर्ण झाले म्हणजे त्याची बाळाची दुपटी होत, झोळी होई, वाकळेचा थर होई, त्यानंतर जमीन सारवताना हाती धरायचे पोतेरे होई, आणि एखादी बरी राहिलेली चिंधी काकडा होऊन तेलात भिजे व देवापुढे जळून संपे. एका वस्त्राला इतके जन्म देणारी ती गृहिणी अर्थशास्त्र शिकलेली नव्हती. परंतु वस्तू टाकण्यापूर्वी तिच्यात आणखी काय शिल्लक आहे हे तपासण्याची शिस्त तिच्या बोटांत मुरलेली होती.

तीच शिस्त शिवारातही होती. केडगाव, पाटस, वरवंडच्या परिसरातील गुऱ्हाळांत उसाचा रस ज्या जाळावर आटतो तो जाळ त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडांचा असतो, आणि चुलाणातील राख पुन्हा शेताला मिळते. लोहमार्गाच्या रुळाचा तुटका तुकडा शाळेच्या ओसरीला टांगला जाऊन घंटा होई. फुटक्या माठाच्या बुडात चिमण्यांसाठी पाणी राही.

या साऱ्याला दारिद्र्याचा दाखला समजण्याची चूक आपल्या हातून झाली. टंचाई होती, आणि तिचा सर्वांत जड भार स्त्रियांनी वाहिला, हे नाकारता येणार नाही. ती टंचाई पुन्हा यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु चिंध्यांची वस्त्रे अंगावर घेऊन आणि फुटक्या गाडग्याचे खापर हाती धरून गावोगाव झाडू फिरवणाऱ्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) आपल्या नावातच टाकाऊ वस्तूला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती निरुपायातून आलेली नव्हती. ती वृत्ती होती.

आज ती साखळी तुटली आहे, आणि तुटण्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण वस्तूंच्या घडणीत आहे. सुती लुगडे अखेरीस पाणी टिपणारे पोतेरे होऊ शकते, पॉलिएस्टरची साडी होऊ शकत नाही. खाऊच्या चकचकीत पाकिटात प्लॅस्टिक आणि धातू यांचे पापुद्रे असे एकजीव झालेले असतात की भंगारवालाही ते नाकारतो. २०१८ साली राज्य शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली खरी; तथापि फर्मानाने पिशवी थांबते, टाकण्याची सवय थांबत नाही. दुसरे कारण आपल्या हातांत आहे, म्हणजे हात दुरुस्ती विसरले यात आहे. कल्हईवाल्याची हाक आता क्वचित कानी येते; जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीणही विरळा झाली.

या दुसऱ्या दुखण्याची तजवीज याच मुलखात फार पूर्वी झाली आहे, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, तो मुलांनी प्रत्यक्ष काम करीत शिकावे या एका विश्वासावर. लोखंड जोडायला, वीज हाताळायला, घर बांधायला शिकलेला मुलगा बिघडलेली वस्तू पाहून दुकानाकडे वळत नाही, तो आधी हत्याराकडे वळतो. प्रत्येक शाळेत असा एक कोपरा असावा, ही आमची मागणी आहे.

वस्तू पुरेपूर वापरण्याची हीच शिस्त दिवाळी अंकालाही लाभली आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, तेव्हापासून दिवाळी अंक हा एका घराने विकत घ्यावा आणि दहा घरांनी वाचावा असाच जिन्नस राहिला आहे. म्हणून वाचकांजवळ आमच्या दोन विनंत्या आहेत. या दिवाळीत नवी वस्तू घेताना ती आपल्यानंतर कोणाच्या कामी येईल, हे विकत घेण्याआधी विचारा. आणि हा अंक वाचून झाल्यावर रद्दीत घालण्यापूर्वी शेजारच्या घरात अथवा गावच्या वाचनालयात पोचवा.