शूर्पणखा हे काय नाव झालं?

२०१७ साली 'पद्मावती' सिनेमावरून राडा चालू होता. करणी सेनेच्या एका पुढाऱ्यानं नटीला जाहीर दम दिला, लक्ष्मणानं शूर्पणखेचं केलं तेच तुझं करू. म्हणजे नाक कापू. कुणाला संदर्भ समजावून सांगावा लागला नाही. शेंबड्या पोरालाही ही गोष्ट पाठ आहे.

आधी नावाचं बघू. शूर्प म्हणजे सूप. सुपाएवढ्या नखांची ती शूर्पणखा. दोस्तहो, कुठली आई पाळण्यातल्या पोरीच्या कानात असलं नाव सांगेल? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचा कायदाच आहे. बामणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, शूद्राचं किळसवाणं. बाईचं मात्र कानाला गोड असावं. शूर्पणखेला बाई म्हणूनही सूट नाही, कारण ती राक्षसीण. धोंड्या, कचऱ्या, दगड्या ह्याच टांकसाळीतले. कुणी म्हणेल, धोंडो बामणातही असायचा. असायचा की. पण त्याचा धोंडोपंत व्हायचा, आमचा धोंड्याच राहायचा.

आणि सूप ही तर आमच्या आयाबायांच्या हातातली वस्तू. पाखडून पाखडून नखं झिजतात, वाढत नाहीत. ज्यानं जन्मात मूठभर दाणे पाखडले नाहीत त्यालाच हे नाव सुचणार.

वाल्मीकीचं अरण्यकांड उघडा. ती रामाला नाव, भाऊ, कूळ सगळं खरं सांगते. उघड मागणी घालते. मर्यादापुरुषोत्तम काय करतो? टिंगल. धाकट्याकडे बोट दाखवून सांगतो, ह्याचं लग्न व्हायचंय. तिकडं उर्मिला अयोध्येत वाट बघत बसलीय! धाकटा तिला पुन्हा थोरल्याकडे टोलवतो. मग ती चिडून सीतेवर झडप घालते. हे लपवायचं कारण नाही. पण खेळ सुरू कुणी केला?

उत्तरकांड सांगतं, तिचा नवरा विद्युज्जिव्ह रावणाच्याच हातून लढाईत मेला. म्हणजे बाई विधवा. विधवेनं तोंडानं नवरा मागितला. आमच्यात विधवेचा पाट लागायचा, त्यात शरम कसली? ज्यांच्या घरात विधवेचं डोकं भादरायचे त्यांना मात्र हे मागणंच राक्षसी वाटलं.

पुढं कवी-कलावंतांनी काय केलं? तमिळ कंबनानं तिला सुंदर रूपात आणली आणि नाक-कानांबरोबर स्तनाग्रंही कापायला लावली. देवगढच्या गुप्तकाळातल्या मंदिरात शिल्पकारानं नेमका नाक कापायचा क्षण दगडात कोरला. केरळच्या कूडियाट्टममध्ये ती रक्तानं माखून लोकांसमोर येते. गदिमांच्या गीतरामायणात तिला दोन गाणी मिळाली, तेवढंच.

नाक कापलं ते पंचवटीत, आणि म्हणून गावाचं नाव नाशिक, असं सांगतात. म्हणजे एका बाईच्या जखमेवरून अख्ख्या गावाचं बारसं. त्याच पंचवटीत २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा देवळाचे दरवाजे बंद झाले. रामाच्या दारात तिला तलवार मिळाली, आपल्याला कुलूप.

आता घरचं बोलू. आपल्याच बैठकीत एखादी पोरगी मोठ्यानं हसली, तोंडावर 'नाही' म्हणाली, की मागच्या रांगेतून 'शूर्पणखा' अशी पिंक येते. आपल्या शूर कवींपैकीच कुणीतरी असतो. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनदिन साजरा करायचा आणि २६ ला मनूच्याच टांकसाळीतलं नाणं चालवायचं, हे कुठलं बंड? ५६ च्या धर्मांतरानंतर आपण कचऱ्या टाकला, सिद्धार्थ घेतला. पोरींना सुजाता, गौतमी म्हणालो. स्वतःवरचा शिक्का पुसला, तर तिच्यावरचा का चालवून घेतो?

तेलुगूत वोल्गाबाईंच्या 'विमुक्त' ह्या कथासंग्रहात शूर्पणखेनं बाग फुलवलीय. रामानं टाकलेली सीता तिला तिथं भेटते. दोघी बोलत बसतात. मधे ना राम ना लक्ष्मण. २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार ह्या पुस्तकाला मिळाला.

आपल्या कवींनी तिची देवी करून तिला शेंदूर फासू नये. तिच्या आईनं, कैकसीनं, पाळण्यात तिला काय हाक मारली असेल ते लिहा.