लेबलावरची होडी

बिअरविषयी गंभीरपणे लिहायचे म्हटले की मराठी लेखणी अजूनही थोडी अडखळते. एकतर विनोदाचा आडोसा घ्यायचा, नाहीतर जाणकारीचा आव आणायचा, असे दोनच मार्ग तिला ठाऊक असावेत. परंतु 'स्थानिक' हा समीक्षेत वारंवार वापरून गुळगुळीत झालेला शब्द तपासायचा असेल, तर कॅनडातील क्राफ्ट बिअरइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. आणि ती बिअर चाखण्याची सर्वांत प्रामाणिक रीत म्हणजे एखाद्या छोट्या बँडबरोबर दौऱ्यावर जाणे, असे माझे मत आहे.

पर्यटक नावाजलेली बाटली शोधत जातो. बँड मात्र कामासाठी जातो. जिथे वाजवायचे तिथेच बहुधा पिणेही असते, आणि त्या गावच्या नळाला जी बिअर येते ती निमूट पत्करावी लागते. कॅनडाच्या संगीतात या नात्याची एक प्रसिद्ध कथा आहे. १९६४ साली टिमिन्स या खाणकामगारांच्या गावी मेपल लीफ हॉटेलात स्टॉम्पिन टॉम कॉनर्स पोचला, तेव्हा बिअरच्या किमतीला त्याच्याकडे पाच सेंट कमी पडत होते. गाणी म्हण, बिअर देतो, असे तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले. त्यातून तिथे वर्षाहून अधिक काळ गाण्याचे काम मिळाले आणि एक कारकीर्द उभी राहिली. पुढे याच टॉमने १९७८ साली आपले सहा जूनो पुरस्कार परत केले. देशाबाहेर कारकीर्द करणाऱ्यांना 'कॅनेडियन' म्हणून गौरवले जाते, ही त्याची तक्रार होती. स्थानिक कोण, हा प्रश्न तो जन्मदाखल्यावरून नव्हे, तर कुठे राहून काम करतो यावरून सोडवू पाहत होता.

अशाच एका चार जणांच्या बँडबरोबर व्हॅनमधून मॉन्ट्रियलहून हॅलिफॅक्सपर्यंत जाताना एक गोष्ट ध्यानात आली. १,२०० किलोमीटरहून अधिक अंतरात गाणी तीच राहिली, पेला मात्र प्रांताच्या हद्दीसरशी बदलत गेला. मॉन्ट्रियलमध्ये कडवट कॉफीची आठवण देणारी सेंट-अँब्रॉइज ओटमील स्टाऊट होती. फ्रेडरिक्टनला पिकारून्सची एल आली. हॅलिफॅक्सला प्रोपेलर आणि गॅरिसन, दोन्ही १९९७ साली सुरू झालेल्या ब्रुअऱ्या. प्रथमदर्शनी वाटते की ही मातीची किमया आहे. मुळात ती बऱ्याच अंशी कायद्याची आहे.

कॅनडात मद्यविक्री हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय. ज्या प्रांतात विकायची तिथेच बिअर तयार करा, या धोरणामुळे मोल्सन, लबॅट आणि कार्लिंग ओ'कीफ या तीन बड्या कंपन्यांनी ठिकठिकाणी कारखाने उभारले आणि सर्वत्र जवळपास एकाच चवीची बिअर वाहवली. म्हणजे उत्पादन स्थानिक, चव मात्र कुठलीच नाही. १९८२ साली ब्रिटिश कोलंबियात हॉर्सशू बे येथे पहिली छोटी ब्रुअरी निघाली, ती या एकसुरीपणाला दिलेले उत्तर होती. परंतु प्रांतांच्या भिंती राहिल्याच. २०१२ साली जेरार कोमो हा न्यू ब्रन्सविकचा गृहस्थ क्वेबेकमधून स्वस्त बिअर घेऊन परतत असता त्याला २९२ डॉलर ५० सेंट दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ साली निकाल प्रांताच्या बाजूने लागला. गाणे विनासायास हद्द ओलांडते, बाटलीला मात्र अडवले जाते. ज्याला आपण कौतुकाने 'मातीचा सुगंध' म्हणतो, त्यात जकातनाक्याचाही वास मिसळलेला असू शकतो.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण क्वेबेकमधील शांब्ली येथील युनिब्रू या ब्रुअरीचे. तिची 'ब्लाँश द शांब्ली' ही गव्हाची बिअर नाकाजवळ नेली की मराठी माणसाला ओळखीचा धण्यांचा वास येतो. पद्धत बेल्जियमची, बाटलीतच पुन्हा आंबवण्याची. क्वेबेकचा लोकप्रिय गायक रोबेर शार्लबुआ या ब्रुअरीत भागीदार होता. २००४ साली ती स्लीमनने घेतली आणि २००६ साली स्लीमनच जपानच्या सपोरोच्या ताब्यात गेली. तरीही तिच्या ८ टक्क्यांच्या 'मोदित' बिअरवर आकाशात उडणारी होडी आजही आहे. ती कथा ओनोरे बोग्राँने लिहून काढली आणि १९०० साली पुस्तकरूपात आली. लाकूडतोडे नववर्षाच्या आदल्या रात्री सैतानाशी करार करून होडीतून आकाशमार्गे गावी जातात, मनसोक्त नाचतात. परतताना सुकाणू धरणारा दारूच्या अमलाखाली असल्याने सगळेच संकटात सापडतात. घराच्या ओढीने रात्रीचा प्रवास करणाऱ्या बँडला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. आणि बिअरच्याच बाटलीवर झिंगलेल्या सुकाणूधराची गोष्ट असावी, यातला विरोधाभास साहित्याच्या वाचकाने तरी नजरेआड करू नये.

मग ही बिअर स्थानिक आहे का? मालकी परकी, पद्धत उसनी, कथा मात्र तिथलीच. तयार करणारे हातही तिथलेच. हो किंवा नाही असे एकाक्षरी उत्तर इथे देता येत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण आपल्या कामाचे आहे. आपणही पुस्तकांवर ग्रामीण, महानगरी, देशी अशी लेबले डकवतो, विद्यार्थी ती पाठ करतात आणि पेला ओठाला लागण्याआधीच चवीविषयी निर्णय होऊन जातो. लेबल खोटे असतेच असे नाही. पण ते काय सांगते याच्याइतकेच ते काय झाकते, हे विचारायला हवे: कृती कुठून आली, हद्द कोणी आखली, मालक कोण, हात कोणाचे? दौऱ्यावरचा वादक हे प्रश्न सिद्धांत म्हणून विचारत नाही. तो आधी घोट घेतो आणि मग बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचतो. वर्गात कविता शिकवताना आपण हा क्रम पाळला, तर 'स्थानिक' या शब्दाला गेलेली धार थोडीफार परत येईल.